जांभळ्या सोन्याची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना सोन्याचा तुकडा आहे, पण मला पाहून कोणी सोनं म्हणणार नाही. मी दिसतो जांभळा. नखाएवढी काच आणि तिच्यावर एक पुसट छटा, बस्स. सराफानं मला फुकटसुद्धा घेतलं नसतं. तरी माझा तोरा काही कमी नाही. का, ते ऐका.

हवा काढून घेतलेल्या पेटीत सोनं तापवलं, त्याची वाफ झाली आणि ती एका मोठ्या काचेवर येऊन बसली. मग काच भाजली, तसं सोनं आक्रसलं आणि त्याचे थेंब झाले. किती बारीक? तुमच्या एका केसाच्या जाडीत शेकडो मावतील! त्या थेंबांमधल्या फटी हेच माझं खरं धन. प्रत्येक पदार्थाचा रेणू आपल्या पद्धतीनं थरथरत असतो. त्याच्यावर लेझर टाकला, तर तो त्यातला जरासा प्रकाश रंग बदलून परत पाठवतो. एरवी ही खूण इतकी क्षीण, की कोणाला पत्ताही लागू नये. पण माझ्या फटींमध्ये प्रकाश दाटतो आणि तीच खूण लाखो पटींनी ठळक होते. इतकं बारीक काहीतरी सतत आपली ओळख सांगत असतं, या विचारानं मी अजूनही थक्क होतो.

ती काच कापून आमचे तुकडे केले. आम्ही सगळी भावंडं फळं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत आलो. तिथल्या तपासनीस बाईंना सगळे ताई म्हणत. ताई मोठ्या काटेकोर. हातमोजे घातल्याशिवाय आमच्या डबीलाही शिवायच्या नाहीत. ओल्या कापसानं फळाची साल पुसायची, कापूस पिळून थेंब आमच्यावर सोडायचा आणि लेझर टाकून ती खूण पडद्यावर दाखवणाऱ्या रामन यंत्राखाली ठेवायचं, असं त्यांचं काम.

एकदा एका बागेतली सफरचंदं आली. पहिल्या भावंडावर थेंब पडला आणि पडद्यावर एका विषारी बुरशीनाशकाची खूण उभी राहिली. दुसऱ्यावर तीच, तिसऱ्यावर तीच. प्रयोगशाळेचे मोठे साहेब म्हणाले, सगळा माल खड्ड्यात पुरायचा. उद्या सकाळी गाडी जाईल.

बागेचे मालक धावत आले. पांढऱ्या मिशांचे आजोबा होते. वर्षाचं पीक जाणार म्हणून रडतील असं मला वाटलं, पण त्यांच्या डोक्यात पिकाचा विचारच नव्हता. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ते ताईंसमोर उभे राहून हळूच म्हणाले, "मी असलं काही फवारलेलं नाही हो. माझी नात रोज हीच फळं सालासकट खाते. खरं सांगा, मी तिला विष चारलंय का?"

फवारलंच नाही, तर विष आलं कुठून, असं ताई पुटपुटल्या. आजोबा बाकावर जाऊन बसले आणि ताई यंत्रासमोर. डबीत मी एकटाच उरलो होतो. त्यांनी मला बाहेर काढलं. कापूस घेतला, पण तो सफरचंदावर फिरवलाच नाही. नुसत्या शुद्ध पाण्यात बुडवला, नेहमीसारखा पिळला आणि माझ्या एका कोपऱ्यावर थेंब ठेवला. लाल प्रकाश पडला. पडद्यावर तेच विष!

पाण्यात विष? साहेबही चक्रावले. ताई आपल्या हातांकडे बघत राहिल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला. जुने हातमोजे संपले होते, त्याच आठवड्यात रबराचे नवे आले होते. रबर पक्कं व्हावं म्हणून कारखान्यात जे द्रव्य घालतात, ते कधी कधी नेमकं हेच असतं. ओल्या बोटांमधून ते कापसात उतरलं होतं. त्यात गंधक असतं, आणि गंधक असलेला रेणू दिसला की आम्हा सोन्याला राहवत नाही, घट्ट धरून ठेवतो. माझी भावंडं खोटं बोलली नव्हती. फक्त ती सफरचंदाबद्दल बोलतच नव्हती.

ताईंनी मोजे काढले, हात खळखळून धुतले आणि नवा कापूस चिमट्यानं धरला. माझ्या दुसऱ्या कोपऱ्यावर पाणी ठेवलं, पडद्यावर काही नाही. मग तिसऱ्या कोपऱ्यावर सफरचंदाच्या सालीचा थेंब. सगळे पडद्याकडे बघत होते. मीही सगळ्या फटी उघडून वाट पाहत होतो. सालीच्या स्वतःच्या बारीकसारीक खुणा आल्या. विषाची एकही आली नाही.

साहेबांनी गाडी रद्द केली. ताई बाकापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, विष आमच्या हातांवर होतं. तुमच्या फळात नाही." आजोबांचा जीव भांड्यात पडला. ताईंनी टेबलावरचं एक सफरचंद उचललं आणि त्यांच्यासमोरच सालासकट खाल्लं.

आमच्यासारखे तुकडे एकदाच वापरतात आणि टाकून देतात. मला मात्र ताईंनी टाकलं नाही. मी त्यांच्या टेबलावर डबीत आहे, आता बराच फिकटलोय. नवीन कोणी कामाला आलं की त्या मला दाखवतात. मित्रांनो, माझ्यासारख्या नाजूक वस्तू जपून हाताळा. आणि कोणावर आळ घेण्याआधी एकदा नुसतं पाणी ठेवून बघा.