चिकटपट्टीवरच्या म्हाताऱ्या

माझी मावशी बागेतलं काचघर सांभाळते. घरी आम्ही तिला 'कर्फ्यू' म्हणतो, कारण तिथे तिच्या परवानगीशिवाय वाराही शिरत नाही. यंदा तर विचारूच नका. डोंगराचा एक कडा खचला आणि फक्त त्याच कड्यावर उगवणारी जांभळी डेझी त्याच्यासोबत दरीत गेली. उरल्या मावशीकडच्या दोन कुंड्या. हे झाड जन्मात एकदाच फुलतं, बी धरतं आणि मरतं. बी नाही मिळालं, तर संपला विषय, कायमचा.

मावशीने जिवाचं रान केलं. कळी दिसली रे दिसली, की अळी लागू नये म्हणून तिच्यावर बारीक जाळीची पिशवी. माश्या नकोत म्हणून छतापासून लोंबणाऱ्या पिवळ्या चिकटपट्ट्या. शिवाय या डेझीचं बी पिकलं की रुईच्या म्हातारीसारखं तरंगत उडून जातं, तेही पिशवीतच अडकणार. मावशी स्वतःवर भलतीच खूश होती.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी दप्तरासकट तिथेच गेले. मावशीने पिशव्या सोडल्या, बी पांढऱ्या बशीत ओतलं आणि एक दाणा चिमट्याने दाबला. तो चपटा झाला. दुसराही. मी म्हटलं थांब, माझी नखं बघ केवढी आहेत, आणि दाबत सुटले. बशीभर नुसती पोकळ टरफलं.

मावशी स्टुलावर बसली आणि बशीतली टरफलं बोटाने सारत राहिली. काचेवर आतून एक माशी भणभणत होती.

"हिला स्वतःचा पराग चालत नाही. मग तो एका कुंडीतून दुसरीत नेतं कोण गं?" तिने विचारलं.

"माशी," मी म्हणाले, आणि जीभ चावली.

"आणि मी तिलाच बाहेर ठेवलं. पदव्या घेतल्यात म्हणे मी."

मी वेड्यासारखी पानं उचकायला लागले. दोन्ही कुंड्यांत पानाखाली एकेक बुटकं बोंड सापडलं, पिशवी घालायची राहून गेलेलं. पण दोन्हींना पार टक्कल पडलेलं. म्हणजे एखादी माशी याच्यावरून त्याच्यावर पोचली होती, बी भरलंही असेल, आणि आमच्या नाकावर टिच्चून उडूनही गेलं. मावशी चष्मा काढून पुसतच राहिली.

मला त्या पट्ट्यांचा असा राग आला की एक ओरबाडून काढावी म्हणून मी वर पाहिलं. मेलेल्या माश्यांमध्ये काहीतरी पांढरं, केसाळ दिसलं. आधी वाटलं कोळिष्टक. मग नीट पाहिलं. म्हाताऱ्या होत्या. केस गोंदात रुतलेले, काळं बी खाली लोंबतंय.

"मावशी, नख लावू?"

"हात मोडीन," कर्फ्यू म्हणाली, आणि चिमटा घेऊन स्वतःच स्टुलावर चढली. स्टूल डगमगत होतं, म्हणून मी तिच्या पोटऱ्या घट्ट धरल्या. तिने एक बी चिमट्यात धरून हलकेच दाबलं.

"टणक आहे," ती म्हणाली. "दार लाव, उडेल. आणि त्या माशीला बाहेर घालवू नकोस."