माझ्या पोटातला तिसरा अंक

मित्रांनो, जिन्याखाली बादली, दोन खराटे आणि पाय मोडलेली खुर्ची यांच्या शेजारी जी लाकडी मांडणी उभी आहे, ती मी. ओला खराटा टेकवायला सोयीची, एवढीच माझी आज ओळख उरली आहे. पण एके काळी या इमारतीत आलेलं एकही पाकीट माझ्या अंगावरून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. आता मला कोणाला पटवायची हौस राहिलेली नाही.

एका सुताराने शाळेच्या जुन्या बाकांचं लाकूड काढून मला घडवलं. अठरा खण, पाठीला एक लांबरुंद फळी आणि फरशी पुसताना पाणी लागू नये म्हणून खाली वीतभर उंचीचा पोकळ चौरंग. माझ्या एका खणात अजूनही कोणीतरी कंपासच्या टोकाने कोरलेला ‘ढ’ आहे. सुताराने रंधा मारला, पण तो काही गेला नाही. वर पॉलिश चढलं आणि मला उचलून दुसऱ्या मजल्यावरच्या कचेरीत नेऊन उभं केलं.

त्या कचेरीचं काम मोठं नाजूक होतं बरं का. माणसाच्या मनाविषयी लिहिणारे लोक उदंड. कोणी झोपेवर लिहितो, कोणी भीतीवर, कोणी लहान मुलांच्या हट्टावर. हे सगळं वाचणार कोण आणि हवं ते सापडणार कसं? म्हणून ही मंडळी एक भलीमोठी संदर्भसूची करायची. कोणत्या नियतकालिकात कोणता लेख आला, हे त्या सूचीत पाहिलं की डॉक्टर, शिक्षक, विद्यार्थी यांना घरबसल्या कळायचं. जे सूचीत आलं ते जगाला दिसलं. जे आलं नाही, ते छापूनही न छापल्यासारखंच.

आणि सूचीत कोणाला घ्यायचं, हे ठरवायच्या मोठ्या मॅडम. त्या कचेरीच्या प्रमुख होत्या. लेखांत खरा अभ्यास आहे की नुसते उपदेशाचे डोस, बाहेरच्या जाणकारांनी लेख तपासलेत का, आधीचं कोणाचं उचललेलं तर नाही ना, हे त्या डोळ्यांत तेल घालून पाहायच्या. एकदा एका मासिकाने उशीच्या आकारावरून स्वभाव ओळखण्याचा लेख पाठवला होता. मॅडमनी तो दोन बोटांनी उचलला आणि म्हणाल्या, “याला संशोधन म्हणायचं? कपाळ माझं!” सगळी कचेरी हसली. मलाही तेव्हा फार बरं वाटलं होतं. आपण खऱ्याखोट्याची निवड करणाऱ्या घरात आहोत, म्हणून ताठ उभी राहायचे मी.

माझी खरी सोबत मात्र टपालकाकांची. ते रोज सकाळी मला कोरड्या फडक्याने पुसायचे. टपाल आलं की पाकिटं भराभर माझ्या खणांत लावायची, मग चहा प्यायचा, आणि चहानंतर एकेक खण रिकामा करत सगळं आवक-वहीत लिहायचं, ही त्यांची ठरलेली पद्धत. आधी लावणं, मग लिहिणं. कोणी विचारलं तर म्हणायचे, “जे वहीत आहे ते आलं. जे वहीत नाही ते आलंच नाही. इतकं सोपं आहे हो.” ही त्यांची वही म्हणजे कचेरीत काळ्या दगडावरची रेघ.

पुढे शेजारच्या मोरीचा नळ भिंतीत गळायला लागला. माझी पाठ ओलाव्याने फुगली, खिळे सुटले आणि मधल्या खणामागे दोन बोटं जातील एवढी फट पडली. काकांनी लगेच चिठ्ठी लिहिली, सुताराला बोलवा म्हणून. मॅडम म्हणाल्या, “नवी मांडणी येणारच आहे. हिच्यावर आता कशाला खटपट?” ती नवी मांडणी यायला सहा वर्षं लागली. तोवर काकांनी फटीवर पुठ्ठ्याची पट्टी लावून वेळ मारून नेली.

याच काळात एक बारीकसं त्रैमासिक यायला लागलं. करड्या रंगाचं साधं मुखपृष्ठ, ना चित्र ना काही. ते काढणाऱ्या संपादकबाई निवृत्त शिक्षिका होत्या. घरी बडबड करून कान किटवणारी, पण शाळेत पाऊल टाकलं की तोंडातून शब्द न काढणारी मुलं असतात ना, त्यांचा अभ्यास त्या वीस वर्षं करत होत्या. चार शिक्षक आणि एक डॉक्टर सोबतीला. पहिला अंक मोठ्या मॅडमनी उभ्याउभ्याच वाचून काढला आणि म्हणाल्या, “काका, हे काम खरं आहे. अशा मुलांचे आईबाप कुठे कुठे शोधत फिरत असतील. हे सूचीत यायलाच हवं.”

पण नियम असा होता की सलग तीन अंक ठरल्या तारखेच्या आत कचेरीत पोचले पाहिजेत. एकदोन अंक काढून हौस फिटली की पळून जाणारे पुष्कळ असतात, म्हणून तो नियम. पहिला अंक वेळेवर आला. दुसराही आला. आणि तिसरा?

तिसराही आला हो! नऊ दिवस आधी आला. काकांनी गठ्ठ्यातून ते पाकीट काढलं, माझ्या मधल्या खणात जरा जोराने सरकवलं आणि चहाला गेले. पुठ्ठ्याची पट्टी कधीच ढिली झाली होती. पाकीट फटीतून सटकलं आणि खाली चौरंगाच्या पोकळीत जाऊन पडलं. काका चहा पिऊन आले, खण रिकामा दिसला, आणि वहीत काहीच लिहिलं गेलं नाही. संपलं.

तारीख उलटल्यावर कचेरीने पत्र पाठवलं. तशा संपादकबाई स्वतःच आल्या, सोबत त्यांची लेक. हातात अंकाची दुसरी प्रत होती.

“काका, मी माझ्या हाताने टपालपेटीत टाकलाय तो,” त्या म्हणाल्या. “मंगळवार होता. पेटी भरलेली होती, पाकीट दोनदा ढकलावं लागलं. मला लख्ख आठवतंय.”

काकांनी वही फिरवून त्यांच्यापुढे धरली. “तुम्हीच बघा ना बाई. हा पहिला. हा दुसरा. तिसरा नाहीच. आमच्याकडे आलेलं पाकीट हरवत नाही.”

लेक हळूच म्हणाली, “आई, अगं, परवा दूध गॅसवर ठेवून बाजारात गेली होतीस. तसंच झालं असेल. टाकायचा म्हणून पिशवीत ठेवलास आणि राहिला.”

“पिशवीत?”

“पिशवीत नाहीतर आणखी कुठे. होतं गं असं या वयात.”

बाई वहीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “असेल. वहीत नाही म्हणजे माझंच चुकलं असेल.”

मित्रांनो, त्या माझ्यापासून चार हातांवर उभ्या होत्या आणि त्यांचा अंक माझ्या पोटात होता. मला ओरडून सांगायचं होतं. पण लाकडाला तोंड कुठलं?

दुसरी प्रत काकांनी त्या दिवसाच्या तारखेने वहीत चढवली. सात आठवडे उशीर. मोठ्या मॅडमना वाईट वाटलं, नाही असं नाही. “पण एकीसाठी नियम वाकवला तर उद्या ते उशीवाले दारात येऊन बसतील,” असं म्हणून त्यांनी अर्जावर ‘अनियमित’ असा शेरा मारला. त्याच महिन्यात एका मोठ्या प्रकाशनाचं गुळगुळीत, जाडजूड नियतकालिक पाच महिने उशिरा आलं. ते मात्र सूचीत गेलं. त्यांना म्हणे छपाईची अडचण होती.

वर्षभराने बाईंचं पत्र आलं. काकांनी ते मॅडमना वाचून दाखवलं. “त्रैमासिक बंद करते आहे. लेख येतात, वाचकही आहेत. पण माझ्या आठवणीवर माझाच भरवसा राहिलेला नाही. घराच्या किल्ल्या आणि टपाल आता लेक सांभाळते. मुलांच्या नोंदी माझ्या हातून इकडच्या तिकडे झाल्या तर त्यांचं नुकसान होईल. म्हणून थांबते.”

“समजूतदार बाई,” मॅडम म्हणाल्या.

समजूतदार! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

शेवटी एकदाची लोखंडाची नवी मांडणी आली. मला जिन्याखाली हलवायचं ठरलं. हलवताना पाठ निखळून कोणाच्या पायावर पडेल म्हणून सुताराला बोलावलं. त्याने फळी काढली, पोकळीत हात घातला आणि ते पाकीट वर काढलं. “काका, ही बघा, पत्रं गिळून बसलीय.”

काकांनी चष्मा लावला. टपालाचा शिक्का वाचला. पुन्हा वाचला. मग ते स्टुलावर बसले. सुतार खिळे आणायला खाली गेला, तसे ते पाकीट घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं.

“मॅडम, त्यांना कळवायला हवं.”

मॅडमनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. “काय कळवणार, काका? बंद पडून दोन वर्षं झाली. बंद पडलेलं आपण घेत नाही. आणि मग चूक कोणाच्या हातून झाली, हेही विचारतील. तुमचे चार महिने राहिलेत ना?”

“हो.”

“मग आता कशाला उकरून काढायचं?”

काका परत आले. पाकिटावरची धूळ त्यांनी बाहीने पुसली. इकडेतिकडे पाहिलं, वाकले आणि ते पुन्हा माझ्या पोकळीत ठेवलं. पहिल्या वेळी ते चुकून पडलं होतं. या वेळी काकांनी ते हाताने ठेवलं, आणि तेही अगदी कोपऱ्यात, नीट. सुताराने वर येऊन फळी बसवली, सोळा खिळे ठोकले आणि म्हणाला, “आता मुंगीसुद्धा शिरणार नाही आत.” सहा वर्षं मागितलेली दुरुस्ती माझ्या वाट्याला आली ती अशी.

काकांच्या निरोपसमारंभात भाषणं झाली. इतक्या वर्षांत एक पाकीट हरवू दिलं नाही, असं कोणीतरी म्हणालं. टाळ्यांचा कडकडाट जिन्याखाली मला ऐकू आला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात की आम्हाला पुसा, जपा, अडगळीत टाकू नका. मला तसलं काही नको. तुमच्यापैकी कोणाकडे पटाशी असेल तर घेऊन या आणि माझी पाठ उचकटा. मी मोडले तर मोडू द्या. आत पाकीट आहे. मागच्या बाजूला पत्ता आहे, शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात. त्या पत्त्यावर जा. लेक दार उघडेल, आईला त्रास देऊ नका म्हणेल. तरी आत जा आणि बाईंच्या हातात पाकीट द्या. सूचीचं, नियमाचं काही सांगत बसू नका. एवढंच सांगा, की बाई, तुम्हाला आठवतं ते खरं आहे.