मातीत नसलेला खडा

ताईने पाय उचलून "खडा आहे" म्हटलं की कारखान्यातलं सगळं जागच्या जागी थांबायचं. भाऊ चाकावरचे हात मागे घ्यायचा. भावजय हातातली ओली कुंडी फळीवर टेकवायची. ताई एका पायावर बगळ्यासारखी उभी राहायची आणि दुसऱ्या पायाच्या बोटांनी मातीतून खडा वर काढून द्यायची. कधी मोहरीएवढा, कधी मोहरीच मोठी म्हणावी एवढा.

माती तुडवायचं काम तिने वडिलांकडून उचललं होतं. ओल्या मातीचा ढीग फरशीवर थापायचा, टाच रोवून कडेने सुरुवात करायची आणि शंखाच्या वळशासारखं फिरत फिरत मध्यावर यायचं. मग ढीग उलटायचा आणि पुन्हा कडेपासून. उजवा पाय दाबतो, डावा अंग तोलून धरतो. माती एकजीव होते, आतली हवा निघून जाते, आणि चाळणीतून निसटलेला चुनखडीचा कण पायाला कळतो. तो कळायलाच हवा. भट्टीतून निघताना भांडं मोठं देखणं दिसतं, पण आत कण राहिला असेल तर तो हवेतली ओल पीत बसतो, फुगतो, आणि गिऱ्हाइकाच्या घरी एखाद्या दुपारी बरणीचा कपचा टप्पकन उडतो. ताई लहान होती तेव्हा वडील मुद्दाम मातीत कण लपवायचे. तिने शोधून दिला की म्हणायचे, "ही पोरगी नव्हे, चाळण आहे चाळण!" तेव्हापासून सगळ्या गल्लीत तिचं नाव चाळण. वडील गेले, केस पांढरे झाले, तरी नाव तेच.

तर एका सकाळी ताई माती तुडवता तुडवता थांबली.

"बाळ्या, खडा आहे."

बाळ्या म्हणजे भाऊ. साठीला टेकला होता, डोक्यावर औषधाला केस नव्हता, पण तिच्या लेखी अजून बाळ्याच.

खडा काही निघेना. तिने बोटांनी चाचपलं, मग खाली बसून हातांनी. भावजयीने तारेने मातीचे पातळ काप पाडले, एकेक काप उजेडात धरला.

"वन्सं, नाहीये हो काही."

"नाहीये कसा? आत्ता टोचला. चाळताना डुलकी काढलीस का रे?"

"दोनदा चाळलीय मी."

"मग चाळणीला भोक पडलं असेल."

"चाळणीला भोकं नसतील तर चाळू कशातून?" भाऊ म्हणाला. भावजय तोंडाला पदर लावून हसली. ताईच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. तिने ती सगळी माती बाजूला काढायला लावली आणि दुसरी घेतली. दुसऱ्या मातीतही खडा. त्याच जागी, त्याच बोटांखाली.

संध्याकाळी चपला घालून ती घरी निघाली, तर खडा चपलेत. चप्पल झटकली, आत हात फिरवला. काही नाही. चार पावलं गेली, पुन्हा खडा. मग ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली, तळवा मांडीवर घेतला आणि तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मुळाशी अंगठ्याने दाबलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

खडा मातीत नव्हताच. तिच्यात होता.

दुखण्यापेक्षा तिला नवल जास्त वाटत होतं. ज्या पायाने जन्मात कधी थाप मारली नाही, त्याने आज मारली, आणि तीही इतक्या सफाईने की तिच्यासारखी चाळण फसली!

पुढे त्या दुखण्याने आपले सगळे रंग दाखवले. कधी बोटांत निखारा, कधी विजेचा झटका, तर कधी दोन बोटांमध्ये कापसाचा बोळा कोंबल्यासारखं. गल्ली सल्ले द्यायला बसलेलीच होती. कोणी गुडघ्याला तेल चोळायला सांगितलं, कोणी पोट साफ ठेवायला. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. ताई पायाच्या कडेवर भार देऊन तुडवू लागली, तर कंबर धरली. शेवटी भावजयीनेच तिला दवाखान्यात नेऊन बसवलं.

डॉक्टरीणबाई भावजयीच्या वयाची होती. तिने ताईचा पाय दोन्ही बाजूंनी मुठीत धरून दाबला. आत काहीतरी 'टक्' करून सरकलं आणि ताईच्या तोंडून "आई गं!" निघालं.

"हीच ती," डॉक्टरीण म्हणाली. "पायाच्या हाडांमधून एक नस जाते. ती चेपून चेपून जाड झालीय. गाठ म्हणा. पायाखाली खडा असल्यासारखं वाटतं ना?"

ताईने भावजयीकडे पाहिलं. "बघ! खडा म्हणाली की नाही!"

आधी साधे उपाय झाले. पसरट चपला आल्या, त्यांत तळव्याला उचलून धरणारी छोटी गादी आली. मग सूज उतरवायचं इंजेक्शन झालं. त्याने काही महिने बरे गेले आणि दुखणं माहेरी गेलेल्या सुनेसारखं पुन्हा हजर झालं. तेव्हा डॉक्टरीणबाईने पायावर थंड मलम लावलं, त्यावरून एक यंत्र फिरवलं आणि पडदा ताईकडे वळवला.

पडद्यावर नुसतं राखाडी धुकं होतं.

"हा तुमचा पाय, मावशी. बोटं हलवा."

ताईने बोटं हलवली. धुक्यात काहीतरी मासोळ्यांसारखं वळलं. तिने पुन्हा हलवली, पुन्हा वळलं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. आपलाच पाय, सगळा जन्म त्याच्यावर उभी राहिले, आणि आज पहिल्यांदा भेटतेय, असं तिच्या मनात आलं.

"ही काळी गाठ दिसते? वाटाण्याएवढी. आणि हा तिच्यात शिरणारा धागा म्हणजे नस."

"ती करते काय?"

"या दोन बोटांच्या बेचक्यातली जाणीव वर नेते. घोट्यातून, पोटरीतून, कण्यातून थेट डोक्यात."

"एवढ्या लांब? वेळ किती लागतो?"

"पापणी लवायच्या आत पोचते."

वडिलांनी लपवलेले कण, त्यानंतरचे जन्मभराचे सगळे कण, सगळे त्या धाग्यावरून वर गेले होते. ताई म्हणायची पायाला कळतं. पायाला कुठलं! पाय नुसता निरोप्या होता, आणि निरोप्याची वाट ही एवढीशी.

"आता पुढे काय?" भावजयीने विचारलं.

डॉक्टरीणबाईने काही न लपवता सांगितलं. एक, अनवाणी तुडवणं सोडायचं, गादीच्या चपला घालायच्या आणि उरेल ते दुखणं सोसायचं. दोन, नसेला चेपणारी वरची पट्टी कापून तिला मोकळं करायचं. पण गाठ मोठी आहे, गुण येईलच असं नाही. तीन, ती गाठ नसेसकट काढून टाकायची. दुखणं जायची आशा त्यात जास्त, पण बेचक्यातली जाणीव जाईल, ती परत येणार नाही. आणि क्वचित कापल्या टोकाशी पुन्हा गाठ धरते.

"म्हणजे खडा कळणार नाही," ताई म्हणाली.

"तिथे नाही कळणार."

"मग मी कशाला उरले? बाळ्याकडे एक चाळण आहे की टांगलेली."

"मावशी, इतर लोक मला विचारतात चालता येईल का. तुम्ही पहिल्याच, खड्यासाठी रडणाऱ्या," डॉक्टरीण हसून म्हणाली. मग जरा विचार करून पुढे म्हणाली, "असं करू. त्या जागी नुसती भूल देते. दुखणं थांबलं, तर ते तिथलंच याची खात्री होईल. आणि नस नसली तर कसं वाटेल, तेही थोडा वेळ कळेल. मात्र पाय बधिर असताना उगाच हिंडू नका, काही टोचलं तर समजायचं नाही."

"मऊ जागी पाय ठेवला तर चालेल?"

"मऊ म्हणजे?"

"मऊ म्हणजे मऊ," ताई म्हणाली. भावजयीने कपाळाला हात लावला.

दवाखान्यातून दोघी तडक कारखान्यात आल्या. भाऊने माती थापून ठेवलीच होती. ताईने पाय धुतले आणि मातीवर चढली.

पहिलं पाऊल तिने श्वास रोखून टाकलं. दुखलं नाही. दुसरं टाकलं. निखारा नाही, वीज नाही. माती टाचेखाली थंड आणि गच्च, पूर्वी असायची तशी. ती वळत गेली, वळत गेली, आणि तिला वडिलांच्या वेळचा कारखाना आठवला. तो भट्टीचा उबदार वास, त्यांचं शीळ घालणं, आणि पाय नावाची वस्तू आपल्याला आहे हे लक्षातही नसायचं ते दिवस. डोळे भरून आले तिचे. न दुखणं म्हणजे काय हे ती विसरूनच गेली होती.

मग ती थांबली. "कण टाका यात. मी तोंड फिरवते."

"राहू दे ना ताई," भाऊ म्हणाला. "बरं वाटतंय तर वाटू दे."

"टाक म्हणते ना!"

भाऊचा हात होईना. शेवटी भावजयीने काढलेले खडे टाकायच्या डब्यातून एक कण उचलला, मातीत खोल दाबला आणि ढीग उलटून सारखा केला. "टाकला, वन्सं."

ताई कडेपासून मध्यापर्यंत आली. काही नाही. ढीग उलटला, पुन्हा आली. उजव्या पायाच्या बेचक्यातून माती वर येत असणार, पण तिथे कोणी राहतच नसल्यासारखी सामसूम होती. दार वाजवावं आणि आतून ओ येऊ नये तसं. तिसऱ्या खेपेला तिचा चेहरा पडला. भाऊ चाकाकडे बघत बसला. भावजयीच्या ओठांवर आलं होतं की खरं म्हणजे टाकलाच नाही, खोटं बोलले. पण तिने टाकला होता.

"उतरते," ताई म्हणाली. उतरायला म्हणून तिने सगळा भार डाव्या पायावर घेतला.

आणि तशीच थिजली.

"काय झालं? दुखतंय?"

ताईने बोट ओठांवर ठेवलं. जणू मोठ्याने बोललं तर कोणी उडून जाईल. मग हळूहळू डाव्या पायाची बोटं मुडपली, पाय वर काढला. अंगठ्याच्या कडेला मातीने माखलेला एक पांढुरका कण चिकटला होता.

तिघंही त्या पायाकडे बघत राहिली. जन्मभर ज्याने नुसतं अंग तोललं, ज्याला कोणी कधी काही विचारलं नाही, तो सगळं शिकून बसला होता! उजवा वाजतगाजत खडे काढत होता आणि हा शेजारी मुकाट्याने पाठ करत होता.

"काय रे," ताई खाली वाकून पायाला म्हणाली, "इतकी वर्षं तोंडात मूग धरून बसला होतास होय?"

"तुझ्यापुढे कोणाची बोलायची टाप आहे?" भाऊ म्हणाला, पण त्याचा आवाज ओला होता.

दिवस मावळायच्या आत भूल उतरली. दुखणं आधी परत आलं, अगदी आपल्या खोलीत शिरावं तसं. ताईने ते येऊ दिलं. आता ती त्याला भीत नव्हती. तिने शांतपणे तोलून पाहिलं. सोसत राहायचं तर माती सुटते. पट्टी सोडवली आणि गुण नाही आला, तर पुन्हा कापणं आलंच. आणि डावा तर आज बोलला. रात्रीची जेवणं व्हायच्या आधी ती भावजयीला म्हणाली, "डॉक्टरीणबाईला सांग, काढून टाक म्हणावं. मात्र काढलेलं मला दाखवायचं."

ऑपरेशन झालं आणि डॉक्टरीणबाईने शब्द पाळला. तपासायला पाठवण्याआधी तिने एक छोटी बाटली ताईच्या हातात दिली. पाण्यासारख्या औषधात पांढुरकी गाठ होती आणि तिला लागून इवलासा धागा.

"एवढीशीच?" ताईने विचारलं.

"एवढीशीच."

ताईने बाटली खिडकीच्या उजेडात धरली. हिच्यावरून वडिलांच्या हातचे कण वर गेले होते. हिच्यावरून निखारे गेले होते. नाकापेक्षा मोती जड म्हणावा तर मोतीही केवढासा! तिला हात जोडावेसे वाटले, पण हातात बाटली होती.

"बाळ्या," ती शेवटी म्हणाली, "तो खडा सापडला बघ. तुझ्या चाळणीची काही चूक नव्हती."

जखम पूर्ण भरेपर्यंत तिला मातीजवळ फिरकू दिलं नाही. मग एके दिवशी ती पुन्हा ढिगावर चढली. आता डावा दाबत होता आणि उजवा तोलत होता, त्यामुळे शंखाचा वळसा उलटा पडू लागला.

"ताई, माती उलटी वळतेय," भाऊ कुरकुरला.

"मग तूही उलटा बस."

तो बडबडत चाकाकडे गेला. ताईने सवयीने पाऊल टाकलं, आणि सहज तिची नजर खाली गेली. माती तुडवताना तिने कधी पायांकडे पाहिलं नव्हतं. पाहायची गरजच नसायची. उजव्या पायाच्या तिसऱ्या आणि चौथ्या बोटांमधून माती वर येत होती. ओली, चकचकीत, पाकळीसारखी उमलत. बाकीचा पाय तिला कळत होता, तेवढी जागा कळत नव्हती. पण दिसत होती. इतकं सुंदर काही आपल्या पायात इतकी वर्षं चाललं होतं?

"वन्सं, खडा आहे का?" भावजयीने हातातली कुंडी फळीवर टेकवत विचारलं.

"नाही गं," ताई म्हणाली. "जरा इकडे ये. बघ तरी."