आपटण्याआधी

कोण बोलतंय म्हणून फळ्याकडे काय बघता? खाली बघा, टेबलावर. मी डस्टर. लाकडी पाठ, पोटाला बनातीची पट्टी आणि अंगभर खडू. बोरीवलीच्या एका कॉलेजात शिपाई शिवदासने कपाटाच्या मोडक्या फळीतून मला बनवलं.

पुसणं हे माझं काम. पण खरं सांगू? माझा सगळा रुबाब आवाजात होता. आमचे अर्थशास्त्राचे मार्तंड सर वर्गात कुजबुज वाढली की मला डोक्याच्या वर उचलून टेबलावर आपटायचे. धाड! शंभर पोरं चिडीचूप. मला काय मजा यायची!

पंच्याऐंशीच्या जूनमध्ये पहिल्या वर्षाला सहदेव घाडी आला. तिशीचा, मूळचा मालवणकडचा, सैन्यातून सुटून आलेला. पदवी घेऊन कचेरीत टेबलाची नोकरी करायची, एवढंच त्याच्या मनात होतं. शेवटच्या बाकावर भिंतीला पाठ लावून बसायचा. हजेरीला ताडकन उभा राहून "हाजिर, साब!" म्हणायचा. पोरं खिदळायची, फौजीकाका म्हणायची.

जुलैतल्या एका सकाळी फारच गोंगाट झाला आणि सरांनी मला आपटलं. पुन्हा वर उचललं तर सहदेव थेट बाकाखाली! शेजारच्या रतनलाही मानगुटीला धरून त्याने खाली ओढलं होतं. क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग जो हशा पिकला! पुढच्या बाकावरची क्षमा तेवढी हसली नाही, ती खाली पडलेल्या वह्या गोळा करत होती. सहदेव उठला, पँट झटकली आणि निघून गेला. आवाज माझा होता हो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवड्याने तो स्टाफरूममध्ये आला, नाव काढून घ्यायचा अर्ज घेऊन. मी सरांच्या हातातच होतो.

"जमत नाय सर. एका कंपनीत वॉचमनचं बघितलंय. गेटवर आवाज झाला की धावायचंच असतं. तिथे कोण हसत नाय."

"त्या दिवशी काय झालं तुम्हाला?"

"मणिपूरला आमच्या गाडीखाली सुरुंग फुटला. बाजूचे दोघे गेले, मी वाचलो. हा डस्टर आहे, हे डोक्याला कळतं सर. अंगाला कळत नाय."

"पण रतनला का ओढलंत?"

"त्या दोघांना ओढायला वेळच मिळाला नव्हता."

सर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अर्ज राहू दे माझ्याकडे. माझ्या ओळखीचे एक मनाचे डॉक्टर आहेत. आपण दोघं जाऊ."

"मी वेडा नाय, सर."

"वेडा कोण म्हणतंय? रात्री झोप लागते?"

"नाय."

"मग झोपेसाठी जाऊ."

सहदेवला विचारून सरांनी वर्गात एवढंच सांगितलं, रतनला त्याने का ओढलं ते. वर्ग असा गप्प झाला की माझी गरजच पडली नाही.

सहदेव येत राहिला, सरांबरोबर डॉक्टरांकडेही जाऊ लागला. लगेच सगळं सुरळीत झालं, असं मात्र नाही. दिवाळीच्या फटाक्यांनंतर तो पंधरा दिवस फिरकला नाही. क्षमा नोट्स घेऊन त्याच्या चाळीत गेली, तेव्हा कुठे आला.

फेब्रुवारीत सर कशावरून तरी भडकले आणि जुन्या सवयीने मला वर उचललं.

"सर!"

अख्खा वर्ग ओरडला. सगळ्यात मोठा आवाज रतनचा. सरांचा हात हवेतच थांबला. सहदेवने बाक घट्ट धरला होता, पण तो खाली गेला नाही. सरांनी मला अलगद टेबलावर ठेवलं. असं हळू मला कधीच कुणी ठेवलं नव्हतं.

आता माझी बनात विरलीय, पुसताना फळ्यावर रेघा राहतात. मार्तंड सर निवृत्त झाले. सहदेव तिसऱ्या वर्षाला, वरच्या मजल्यावर बसतो. तो अर्ज सरांनी कधीच पुढे पाठवला नाही.

उद्यापासून इथे तुम्ही शिकवणार, असं ऐकलं. तरुण आहात, हाताला जोर असेल. तेवढं एक ऐका, सर. मला टेबलावरून शेवटचा बाक दिसत नाही. तुम्हाला दिसतो. मला उचलाल तेव्हा आधी तिकडे बघा.