बारा मीटरचा पतंग आणि चार चिमट्यांचा वारा

मी एक जुना पतंग आहे. पण कागदाचा नव्हे हं, मित्रांनो! मी जाड कापडाचा, कमानीसारखा वाकलेला, चांगला बारा चौरस मीटरचा. माझ्या कडेच्या नळीत हवा भरतात, माझ्या दोऱ्या माणसाच्या कमरपट्ट्याला अडकवतात आणि तो माणूस पायाखाली फळी घेऊन समुद्रावर धावतो. त्याला काइटसर्फिंग म्हणतात.

ज्या बाईंनी मला शिवलं, त्या प्रत्येक टाका दोनदा ओढून पाहायच्या. संशयी स्वभाव मला तिथूनच लागला असावा.

माझा पहिला मालक पाव भाजणारा. माणूस आडव्या अंगाचा, वजनाने शंभरी गाठलेला. त्याचा किनारा खाडीतला, तिथला वारा गाईसारखा गरीब. आठ वर्षं आमचं छान जमलं. लोक थांबून माझ्याकडे बघायचे. मग त्याचे गुडघे बोलू लागले आणि त्याने मला विकायला काढलं.

घ्यायला आला एक लिफ्ट दुरुस्त करणारा तरुण, काडीपैलवान. “मोठा आहे ना?” एवढंच त्याने विचारलं.

“मोठा म्हणजे! लोण्यासारखा चालतो,” पाववाला म्हणाला.

आता सांगा, यात खोटं काय होतं? काही नाही. पण तरुणाने वारा विचारला नाही, पाववाल्याने वजन विचारलं नाही. गाडीच्या डिकीत घडी होऊन पडल्या पडल्या माझ्या मनात पाल चुकचुकली.

नवं घर किनाऱ्याला लागूनच. तिथे तरुणाची आत्या लाँड्री चालवायची. तिने पहिल्याच दिवशी मला दोन बोटांत धरून चोळलं, शिवण उलटून पाहिली आणि “हं” म्हणाली. मला तो “हं” मुळीच आवडला नाही. ही बाई मला फाडून इस्त्रीच्या टेबलाला खोळ शिवणार, अशी माझी खात्री पटली. इस्त्रीच्या टेबलाखालून मी तिच्यावर पाळत ठेवली. ती चादरी वाळत घालायची. सकाळी चादरीला दोन चिमटे. दुपारी तीन वाजले, की ती उठून प्रत्येक चादरीला आणखी दोन लावायची. हे कशासाठी? मला तेही खटकलं.

एका दुपारी तरुणाने मला किनाऱ्यावर नेलं, हवा भरली, दोऱ्या पसरल्या. धरायला कोणी नव्हतं, म्हणून आत्याला हाक मारली.

“आत्या, तू नुसती धरून उभी राहा. मी अंगठा दाखवला की सोड.”

“तुझं वजन किती रे?”

“पंचावन्न. का?”

“आणि शिकलायस किती?”

“सहा दिवस. फळीवर दोनदा उभा राहिलोय.”

“दोनदा! मग काय, समुद्र घाबरलाच असेल.”

“अगं, लोण्यासारखा चालतो म्हणाला तो माणूस.”

“त्याच्याकडचा वारा दिलाय का त्याने सोबत बांधून? माझ्या चादरीला इथे चार चिमटे लागतायत.”

“चादरीचं काय घेऊन बसलीस! सोड ना.”

“नाही सोडणार.” तिने माझी कड घट्ट धरली. “आधी तुझ्याऐवजी ओल्या चादरींचं बोचकं बांध. तुझ्याएवढंच भरेल ते.”

तो हसला. “हलणारसुद्धा नाही ते!” किनारा रिकामा होता. त्याने बोचकं बांधलं, आणि तो बाजूला झाल्यावर आत्याने मला सोडलं.

मित्रांनो, खोटं कशाला सांगू? वारा अंगात भरला आणि मला कशाचं भान राहिलं नाही. बोचकं वाळूवरून फरफटलं, उचललं गेलं आणि ओढून ठेवलेल्या होडीवर धाडकन आपटून फुटलं. पुढच्या कुंपणात मी अडकलो, टर्रकन फाटलो.

तरुण रिकामा कमरपट्टा धरून उभा.

“आत्या, तुझ्या चादरी...”

“चादरी पुन्हा धुता येतात, बाळा. बोचक्याला हाडं नसतात.”

तो तिथेच वाळूत बसला. मग उठून तो एकेक चादर गोळा करू लागला.

माझी फाटकी कड आत्यानेच शिवली, प्रत्येक टाका ओढून पाहत. खोळीचा संशय मी मुकाट्याने गिळला. तरुणाने प्रशिक्षकांना गाठलं. त्यांनी वजन विचारलं, वारा मोजला आणि त्याला सात मीटरचा शांत पतंग आणि रुंद फळी दिली. संकटात पतंग सोडून देणारी लाल मूठ डोळे मिटून ओढता येईपर्यंत त्याला पाण्यात जाऊ दिलं नाही. मला ते प्रशिक्षक स्वतःच मंद वाऱ्याच्या सकाळी उडवायला नेतात.

मी जन्मभर सगळ्यांवर संशय घेतला, एक स्वतःला सोडून. एका किनाऱ्यावरचा वारा देवाने सर्वांवर सारखाच सोडला आहे. पेलायची ताकद ज्याची त्याची. पण दोरीच्या टोकाला कोण आहे, हे मला वरून दिसत नाही. शंभर किलोचा पाववाला, पंचावन्नचा तरुण की ओल्या चादरी, मी सगळ्यांना सारखंच ओढतो. म्हणून माझ्या रंगाला भुलू नका. तुमचं वजन किती, शिकणं किती, तुमच्या किनाऱ्यावरचा वारा कसा, हे मला हात लावण्याआधी स्वतःला विचारा. माझ्यावर खुशाल संशय घ्या, मित्रांनो. मला राग येणार नाही.