बाहेरच्या बाकावर

रुमालातली कवळी अजून कोमट होती... ऑपरेशनला आत नेण्याआधी आईने ती स्वतःच काढून त्याच्या हातात कोंबली आणि बोळक्या तोंडाने म्हणाली, "नीट धर. हरवलीस तर मला तुझ्यावर बोबडं रागवावं लागेल." पोटातली गाठ काढायला निघालेली बाई, आणि हिला थट्टा सुचतेय! मग तिने डॉक्टरांना जवळ बोलावलं. "काही कमी-जास्त झालं तर मुलीला सांगा. ह्याला नको. ह्याचं हृदय जन्मापासून नाजूक आहे."

चाळिशी उलटली तरी तो नाजूकच.

आता दार बंद होतं आणि तो बाहेरच्या बाकावर – आयुष्यात पहिल्यांदाच. आतलं सगळं त्याला पाठ होतं, छतावरचे दिवे, सुईआधीचा गार कापूस... बाहेर कसं बसायचं ते मात्र ठाऊक नव्हतं. शेजारच्या खोलीतून नर्सने "पेशंट कोण? या आत" म्हणून हाक मारली, तर हा सवयीने बाही वर सारत उठला. "तुम्ही नाही हो!" ती हसली. तो ओशाळून परत बसला.

लहानपणी शुद्धीवर यायचा तेव्हा आई समोर असायची – केस विंचरलेले, पावडर लावलेली. "उठलास? किती घोरतोस रे!" बाबा जिन्यात रडून आलेले कळायचे, आईचं काहीच कळायचं नाही. हिला आपलं काही वाटतच नाही, म्हणून तो तिच्यावर फुगून बसायचा... आणि ती? असल्याच बाकावर जीव मुठीत धरून बसायची, मग उठून तोंड धुवायची, कंगवा काढायची, घोरण्याचा विनोद जुळवायची – पोराने डोळे उघडले की त्याला भीती दिसू नये म्हणून, दर वेळी. काय बाई आहे ही! मला जमेल का ते?

बऱ्याच वेळाने ताईचा फोन आला. ती अजून वाटेत होती. "डॉक्टर आले तर त्यांना थांबायला सांग. तू काही ऐकू नकोस. छातीत दुखत नाहीये ना?"

तेवढ्यात दार उघडलं. डॉक्टरांनी मास्क खाली केला, त्याच्या आजूबाजूला पाहिलं. "तुमच्या ताई?"

"मला सांगा," तो म्हणाला.

छातीत धडधडत होतं. एरवी बोटं आपोआप नाडी बघायला मनगटावर गेली असती, पण ही भीती नेहमीची, स्वतःसाठीची नव्हती – आईने इतकी वर्षं एकटीने सोसलेली, ती ही... धडधडू दे. मी घाबरलोय, आणि मी ऐकतोय.