बोंब-चाचणी

तळमजल्यावरच्या त्या खोलीत ऊन कधी यायचं नाही आणि गारवा कधी जायचा नाही. लोखंडी मांडणीवर सात सर्व्हर उभे होते. सकाळी साडेआठला सिस्टिमवाला चप्पल दाराबाहेर काढून आत शिरायचा आणि एकेकावर हात ठेवून बघायचा, लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. कुणाचा पंखा घरघरतोय, कुणाचा हिरवा दिवा पिवळा पडलाय, कुणाच्या पोटात तसूभर जागा उरली नाही. तेवढं होईस्तोवर वरच्या चार मजल्यांवरून हाका सुरू व्हायच्या. आवक-जावकच्या काकूंचा पासवर्ड हरवलेला असायचा, तिसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर रुसलेला असायचा. "काल तर चालत होतं हो," हे वाक्य तो दिवसातून बारा वेळा ऐकायचा आणि बाराही वेळा पहिल्यांदा ऐकल्यासारखा चेहरा करायचा.

सगळं सुरळीत चाललं की लोक म्हणत, याला काम तरी काय असतं. बिघडलं की म्हणत, हा दिवसभर करतो तरी काय.

सातव्या सर्व्हरला सगळे आजोबा म्हणत. आजोबांच्या पोटात काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सिस्टिमवाल्याने तीन वर्षं पत्रं पाठवली, आपल्या विभागाचे त्यावर काही असल्यास कळवावे. प्रत्येक विभागाचं एकच उत्तर आलं: आमचं काही नाही, पण बंद करू नये.

शेवटी तो साहेबांकडे गेला. "साहेब, आमच्या धंद्यात एक बोंब-चाचणी असते."

"म्हणजे?"

"गुपचूप बंद करायचं आणि बसून राहायचं. ज्याचं त्यात काही असेल तो बोंबलत येतो. चाळीस दिवसांत कुणी आलं नाही तर समजायचं, कुणाच्याच कामाचं नव्हतं."

"आणि आला तर?"

"तर पुन्हा चालू. म्हणून नियम एकच. बंद करायचं, पण फेकायचं नाही."

साहेबांना हे फारच आवडलं. त्यांनी तीन प्रतींवर सही केली. आजोबांचे दिवे एकेक करून मालवले, पंखा हळूहळू थांबला, आणि सिस्टिमवाल्याने गार होत चाललेल्या पत्र्यावर उगीचच हात ठेवला.

चाळीस दिवस गेले. कुणी हूं की चूं केलं नाही. आजोबांच्या नोंदवहीत एकच बारीक गोष्ट होती. दर वर्षी एका ठरावीक तारखेला, दुपारी, अर्धा तास त्यांना कुणीतरी हात लावत होतं. असेल कुणाचं चुकून बोट लागलेलं, असं म्हणून सिस्टिमवाल्याने डिस्क काढली, तिच्यावर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी डकवली आणि ती साहेबांच्या कपाटात कुलूपबंद केली.

घरी त्याने बायकोला ही हकीकत मोठ्या कौतुकाने सांगितली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचं शिवणयंत्र गेली सहा वर्षं बोळात उभं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या गुडघ्याला त्याची ओळख होती. यंत्राला घरात एकच जागा होती, खिडकीजवळची छोटी खोली. आणि त्या खोलीत सिस्टिमवाल्याचे प्रयोग राहत होते. छतापर्यंत पेट्या, पेट्यांत वायरी, टेबलावर पोट उघडं टाकलेलं एक जुनं मशीन. कुंडीतली माती सुकली की फोनवर निरोप यावा अशी एक युक्ती त्याने दोन वर्षं खपून केली होती. बायको म्हणाली होती, "झाडाकडे बघितलं तरी कळतं हो मला."

आता मात्र तिने एवढंच विचारलं, "फेकायचं नाही, असा नियम आहे म्हणालात ना?"

"अगदी पक्का."

"बरं," ती म्हणाली, आणि शेवटची घडी घातली.

दीड महिन्याने एका सोमवारी साहेबांनी त्याला वर बोलावलं.

"तुमची रजा किती शिल्लक आहे?"

"मोजलेली नाही साहेब. पुष्कळ आहे."

"घ्या. चाळीस दिवस. फोन बंद ठेवायचा, इकडे फिरकायचं नाही. कामं बाहेरची कंपनी बघेल."

चाळीस हा आकडा सिस्टिमवाल्याच्या ओळखीचा होता. "साहेब, ही…"

"वरून विचारणा आहे, हे पद हवंच कशाला म्हणून." साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुमचीच पद्धत आहे. बघू या, कोण ओरडतंय."

तो घरी आला. पहिल्या आठवड्यात त्याने नळाची गळती काढली, दाराची बेल दुरुस्त केली, कुंडीच्या युक्तीला दुसरी कुंडी जोडली. दुसऱ्या आठवड्यात तो खिडकीत बसू लागला. रस्त्यावरून येणारा प्रत्येक माणूस ऑफिसातूनच धावत येतोय असं त्याला वाटे. माणूस पुढे निघून जाई.

एकोणिसाव्या दिवशी भाजी घेताना आवक-जावकच्या काकू भेटल्या. "अय्या, तुम्ही. बरं नाही का? उतरलात हो."

"रजेवर आहे. ऑफिसात कसं काय?"

"छान चाललंय. काही म्हणजे काही अडत नाही. माझा पासवर्डसुद्धा मी वहीत लिहून ठेवलाय."

अडणार तरी कशाला होतं? रात्रीच्या बॅकअपच्या नकला आपोआप निघत होत्या, भरलेली जागा आपोआप रिकामी होत होती, कारण गेली अकरा वर्षं त्याने हीच कामं मशीनना समजावून सांगितली होती. फक्त एक राहिलं होतं. ऑफिसच्या मेलचा परवाना येत्या गुरुवारी अकरा वाजता संपत होता. तो हातानेच वाढवावा लागे आणि ते बाहेरच्या कंपनीला ठाऊक असणं शक्य नव्हतं. गप्प बसलं की झालं. गुरुवारी सव्वाअकराला चारही मजले एका सुरात बोंबलले असते.

तो दोन पावलं चालला. मग परत फिरला, भाजीच्या पिशवीचा कागद फाडला आणि त्यावर लिहून काकूंच्या हातात दिला. "तेवढं त्या कंपनीवाल्यांना द्या. बुधवारच्या आत."

घरी त्याने बायकोला सांगितलं. तिने चहाचं आधण ठेवलं.

"तुमच्या हातून वाईटसुद्धा धड होत नाही," ती म्हणाली आणि त्याच्या चहात साखर जरा जास्त घातली.

गुरुवार गेला. पानसुद्धा हललं नाही.

एकतिसाव्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात साहेब. अंगात घरचा सदरा, हातात कापडी पिशवी, नजर जिन्याकडे.

"घरात कोण कोण आहे?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"ही आहे. या ना साहेब, बसा."

"हळू बोला." पिशवीतून टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक वस्तू निघाली. सिस्टिमवाल्याने आपलं अक्षर ओळखलं. आजोबांची डिस्क.

"यात माझं एक फोल्डर आहे," साहेब म्हणाले. "'परिपत्रके, अत्यंत जुनी' असं नाव आहे. परिपत्रकं नाहीत ती. उद्या आमच्या घरातल्या मंडळींचा वाढदिवस. मी आदल्या दिवशी दुपारी एक… लिहितो. मागच्या सगळ्या वाचल्या की नवी सुचते. ते आजोबांच्या पोटात आहे हे मला आजच कळलं. उघडायला गेलो तर मशीन म्हणतं, आजोबा सापडत नाहीत."

"कविता?"

"हळू."

"मग कंपनीवाल्यांना सांगायचंत."

"त्यांना सांगायचं म्हणजे अर्ज. अर्जाची प्रत सगळ्या विभागप्रमुखांना. तो नियम माझाच आहे." साहेबांनी घाम पुसला. "आणि ओरडू कुणावर? आजोबांना बंद करण्याच्या कागदावर सही कुणाची?"

सिस्टिमवाल्याने डिस्क हातात घेतली. जुन्या धाटणीची होती, तिला रुंद चपटी केबल लागे. अशी केबल शहरात कुणाकडे नसली तरी त्याच्याकडे होती, खालच्या फळीवरच्या तिसऱ्या पेटीत. तो छोट्या खोलीत गेला. पुढची रांग जागच्या जागी होती. तिसरी पेटी ओढली तर ती हलकी निघाली. तिच्या मागे पेटी नव्हती. त्याच्याही मागे नव्हती. भिंत होती.

"अगं ए! माझी केबलींची पेटी कुठंय?"

चाळही ऐकेल एवढा आवाज होता. साहेब दचकून उभे राहिले. आतून बायको आली, शांतपणे, पदराला हात पुसत.

"आली बाई बोंब," ती म्हणाली. "अकराव्या आठवड्यात. मला वाटलं, येतच नाही."

ती त्याला पलंगापाशी घेऊन गेली. पलंगाखाली अकरा गाठोडी ओळीने लावलेली होती. प्रत्येकावर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. दर सोमवारी एक. "फेकायचं नाही, हा तुमचाच नियम. तुम्ही महिनाभर घरात बसलात तरी तुम्हाला कळलं नाही."

तो खाली बसून गाठी सोडू लागला. चपट्या केबली सातव्या गाठोड्यात निघाल्या. टेबलावरच्या उघड्या मशीनला त्याने डिस्क जोडली. ती कण्हली, कुथली, आणि दिवा हिरवा झाला. फोल्डर उघडलं. बावीस कविता, वर्षाला एक. साहेब ओठ हलवत वाचू लागले, आणि दारातून बायकोनेही वाचलं:

दाराशी जोड चपलांचे, तुझा माझा गं शेजार
दिवसभर भांडलो आपण, त्यांचा सुखाचा संसार

"वहिनींनी वाचल्यात का या?" तिने विचारलं.

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. "दाखवायचं धाडस नाही झालं. नाही आवडल्या तर?"

"बावीस वर्षं गप्प राहिलात ना. आता त्यांना काय म्हणायचंय ते म्हणू द्या."

साहेबांनी त्याच टेबलाशी बसून तेविसावी लिहिली. सगळ्या कागदावर उतरवून घेतल्या, कारण कागदाला केबल लागत नाही, असं ते म्हणाले. निघताना बुटांचे बंद बांधत त्यांनी वर न बघता सांगितलं, "परवापासून या. रजा रद्द."

"नऊ दिवस राहिलेत साहेब. आणि अहवालात काय लिहिणार? ओरडलं तर कुणीच नाही."

साहेबांनी पिशवी छातीशी धरली आणि थोडा विचार केला. "पद आवश्यक. कारण गोपनीय." मग जिना उतरले, जोड्यांचा आवाज न करता.

संध्याकाळी नवरा-बायकोने शिवणयंत्र बोळातून उचलून खिडकीजवळ ठेवलं. केबलींचं गाठोडं फळीवर परत गेलं. उरलेली दहा त्याने एकेक करून मोजली.

"यांना अजून वर्षभर ठेवू," तो म्हणाला. "चाळीस दिवस कमी पडतात गं. काही माणसं वर्षातून एकदाच ओरडतात."

"ठेवा की," बायको सुईत दोरा ओवत म्हणाली. "पलंगाखाली."